कृष्णविवरांच्या बातमीत 'स्फोट' हा शब्द नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या जवळ एका ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. मागच्या आठवड्यात अकरावीतल्या एका मुलीनं पेपरचं एक कात्रण वर्गात आणलं, चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवलेलं. मथळा दोन ब्लॅक होलच्या, म्हणजे कृष्णविवरांच्या, धडकेचा, खाली महास्फोट, विनाश, गिळंकृत असले शब्द, आणि शेजारी आगीच्या लोळाचं मोठं चित्र. ती म्हणाली, "मॅडम, ते दोन एक झाले म्हणजे आता डबल ताकदीनं ओढणार ना सगळं? मग लिगो आपल्या गावाजवळच कशाला करायलेत?" (लिगो म्हणजे कृष्णविवरं एक होताना निघणाऱ्या लहरी टिपणारी वेधशाळा, तशीच एक आमच्या तालुक्यात होतेय.) निम्मा वर्ग तिच्याकडे बघत होता, निम्मा माझ्याकडे. तास संपला, उत्तर अर्धंच देऊन झालं, आणि तेव्हापासून वाटतंय की जे वर्गात सांगितलं ते पेपरातही यायला पाहिजे, कारण कात्रण पेपरातूनच आलं होतं.

आधी तिचा प्रश्न घेते, डबल ताकदीचा. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लिगोच्या दोन वेधशाळांनी, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या, पहिल्यांदा असं विलीनीकरण टिपलं आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला जगाला सांगितलं. एक कृष्णविवर साधारण ३६ सूर्यांच्या वजनाचं, दुसरं २९ सूर्यांचं. बेरीज ६५. पण मिळून जे एक झालं ते भरलं ६२ सूर्यांचं. म्हणजे लांबून बघणाऱ्यासाठी ओढ वाढली नाही, उलट तीन सूर्यांएवढी कमी झाली! कृष्णविवर काही व्हॅक्यूम क्लीनर नाहीये हो. उद्या आपल्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर आपण गारठून मरू हे खरं, पण पृथ्वी आज जिथून फिरते तिथूनच फिरत राहील, आत ओढली जाणार नाही. हे एक वाक्य जरी त्या बातमीत असतं ना तरी पोरीची झोप उडाली नसती.

मग ते तीन सूर्य गेले कुठे? ते गेले गुरुत्वीय लहरींत, म्हणजे अवकाशच ताणलं जाऊन आणि आक्रसून जी थरथर बाहेर पसरते तिच्यात. आपला सूर्य दर सेकंदाला साधारण ४० लाख टन वस्तुमान प्रकाशात बदलतो, आणि हे असं हजार कोटी वर्षं करूनही त्याच्या वजनाचा हजारावा हिस्सासुद्धा पूर्ण खर्च होत नाही. इथे तीन अख्खे सूर्य सेकंदाच्या एका बारीकशा भागात गेले. त्या क्षणापुरती या घटनेची पॉवर दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्र उजेडापेक्षा जास्त होती, आणि तरी प्रकाशाचा एक किरण आपल्याला दिसला नाही. पेटायला तिथे काही नव्हतंच, आजूबाजूला वायू नाही, धूळ नाही. आगीच्या लोळाचं ते चित्र म्हणून मला इतकं खटकलं. मिट्ट अंधारात झालेली गोष्ट आहे ही.

आणि धडक म्हणावी तर आपटायला पृष्ठभाग लागतो. कृष्णविवराला पृष्ठभागच नसतो. असते ती फक्त एक हद्द, घटना क्षितिज म्हणतात तिला, जिच्या आत गेलेला प्रकाशही परत येत नाही. ३६ सूर्यांच्या कृष्णविवराची ही हद्द आरपार मोजली तर २०० किलोमीटरच्या थोडी पुढे जाते, म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यापेक्षा जरा मोठी, आणि एवढ्यात ३६ सूर्यांचं वजन. असे दोन गोळे एकमेकांभोवती फिरतात, फिरता फिरता लहरींतून ऊर्जा गमावतात, म्हणून जवळ येतात, जवळ आले की आणखी जोरात फिरतात आणि आणखी ऊर्जा गमावतात, हे कोट्यवधी वर्षं चालू असतं आणि त्यातला शेवटचा सेकंदाचा पाचवा हिस्सा फक्त आपल्याला ऐकू आला. त्या शेवटच्या टप्प्यात ते सेकंदाला ७५ फेऱ्या मारत होते, प्रकाशाच्या निम्म्या वेगानं. मी हे पोरांना सांगताना पंख्याकडे बोट दाखवते, छताचा पंखा फुल्ल स्पीडला सेकंदाला पाच-सहा फेऱ्या मारतो, आणि इथे मुंबई-पुण्याएवढी दोन धुडं पंच्याहत्तर.

त्यानंतर जे होतं ते मला सगळ्यात सुंदर वाटतं आणि नेमकं तेच कुठल्या बातमीत येत नाही. दोन्ही हद्दी एकमेकींना भेटतात आणि क्षणभर दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा एक आकार तयार होतो, मधे कंबर असलेला. पण कृष्णविवराला असा वाकडातिकडा आकार टिकवता येत नाही. ते थरथरतं, घंटेसारखं घुमतं, आणि घुमता घुमता आपला सगळा ओबडधोबडपणा लहरींतून बाहेर टाकून गुळगुळीत होतं. या घुमण्याचं गणित १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा या आपल्या भारतीय शास्त्रज्ञानं पहिल्यांदा मांडलं, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू यायच्या पंचेचाळीस वर्षं आधी, जेव्हा कृष्णविवरं खरंच असतात का यावरच मोठमोठ्या लोकांचं एकमत नव्हतं. पुढे बंगळुरूचं नेहरू तारांगण उभारून त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी आयुष्य घातलं. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले. २०१६ ची ती घोषणा त्यांच्या हयातीत झाली याचं मला फार बरं वाटतं.

घंटेशी तुलना करते पण एक फरक सांगायलाच हवा. नागनाथाच्या देवळातली घंटा वाजवली की तिचा नाद कितीतरी वेळ घुमत राहतो. कृष्णविवराचा नाद दोन-चार हेलकाव्यांत, सेकंदाच्या काही हजाराव्या हिश्श्यांत बसतो. तेवढ्या वेळात जे काही कळायचं ते कळतं, आणि कळतात दोनच गोष्टी, वजन किती आणि फिरतंय किती जोरात. आत गेलेला तारा कसला होता, किती जुना होता, त्यात लोखंड किती होतं, बाहेरून काही म्हणजे काही ओळखता येत नाही.

आणि आकार वाढतो तो कसा ते बघा. वरणावर तेलाचे दोन थेंब एक झाले की त्यांचा मिळून पसारा कमी होतो. कृष्णविवराचं उलटं. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सांगितलं होतं की दोन कृष्णविवरं एक झाली तर नव्या हद्दीचं क्षेत्रफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी कधीच होणार नाही. वजनातले तीन सूर्य लहरींत गेले तरीही नाही! याची आजवरची सगळ्यात चोख तपासणी झाली १४ जानेवारी २०२५ ला टिपलेल्या एका विलीनीकरणावर. दोन्ही कृष्णविवरं तीस सूर्यांच्या वजनाच्या थोडी पुढची, म्हणजे पहिल्या घटनेसारखीच, पण दहा वर्षांत यंत्रं इतकी सुधारली की आवाज लख्ख मिळाला. आधी दोघांचं मिळून क्षेत्रफळ साधारण २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतर एकाचं साधारण ४ लाख. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे आधी दोघं मिळून महाराष्ट्रापेक्षा लहान, आणि नंतर एकटं महाराष्ट्रापेक्षा बरंच मोठं. हे पोरांना नकाशावर दाखवता येतं, मी दाखवलं.

अशा घटना आता ३०० च्या आसपास नोंदल्या गेल्यात. २३ नोव्हेंबर २०२३ ला तर साधारण १०० आणि १४० सूर्यांची दोन कृष्णविवरं मिळून २२५ सूर्यांच्या आसपासचं एक झालं. यात गंमत अशी की ताऱ्यांच्या गणिताप्रमाणे एवढ्या वजनाचं कृष्णविवर एकट्या ताऱ्यापासून सहसा होऊच नये, तसला तारा आधीच स्वतःच्या चिंधड्या उडवून घेतो आणि मागे काही उरत नाही. म्हणून असं वाटतं की ती दोघंही आधीच्या विलीनीकरणांतून आलेली असावीत, म्हणजे मुलं, नातवंडं असा वंश चाललाय. पण प्रत्येक वेळी वंश पुढे जाईलच असं नाही. लहरी एका बाजूला जास्त गेल्या तर नव्या कृष्णविवराला बंदुकीसारखा उलटा धक्का बसतो आणि काही जोड्यांत तो सेकंदाला हजारो किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो असं गणित सांगतं, मग ते ज्या दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या ज्या प्रचंड समूहात, असतं तिच्यातूनच बाहेर फेकलं जातं.

त्याहून कितीतरी मोठी, कोट्यवधी सूर्यांच्या वजनाची जी कृष्णविवरं दीर्घिकांच्या पोटात बसलेली असतात त्यांच्या लहरी इतक्या संथ असतात की एक लाट जायला वर्षं लागतात. त्या पकडायला लिगो चालत नाही. तिथे आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण कामाला आली, पल्सार नावाच्या ताऱ्यांच्या नेमक्या टिकटिकीत होणारा फरक वर्षानुवर्षं मोजून. जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर आपल्या भारतीय गटानं अशा लहरींच्या संथ गुणगुणीचा पुरावा मांडला. ही बातमी आमच्याकडच्या किती लोकांपर्यंत पोचली? मी विचारून बघितलं, स्टाफरूममध्ये दोघांना माहीत होतं.

आता शेवट. मुलीचा दुसरा प्रश्न होता, "मग ते असंच राहणार का कायम?" नाही राहणार. १९७४ मध्ये हॉकिंग यांनीच दाखवलं की पुंजयांत्रिकी, म्हणजे अणूंच्या बारीक जगाचे नियम, धरून हिशोब केला तर कृष्णविवराच्या हद्दीतून अगदी मंद अशी ऊब बाहेर येत राहते, आणि त्या उबेची किंमत कृष्णविवर स्वतःच्या वजनातून चुकवतं. म्हणजे ते झिजतं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे छापायला हवी, ही ऊब आजवर कुणीही आकाशात थेट मोजलेली नाही. गणित भक्कम आहे, जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ मानतात, पण मोजलेली नाही, आणि बातमीत "सिद्ध झालं" असं ठोकून देऊ नये.

मोजता का येत नाही ते तापमानावरून कळेल. सूर्याच्या वजनाचं कृष्णविवर निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याहून थंड काही असूच शकत नाही त्या तापमानाच्या, वर एका अंशाचा जेमतेम एक कोटी साठ लाखावा भाग एवढंच गरम असतं. ६२ सूर्यांचं तर त्याहून थंड, एक अब्जांश अंश. आणि विश्वाच्या सुरुवातीपासून (ज्याला महास्फोट म्हणतात) उरलेली जी ऊब आज सगळ्या आकाशात भरलेली आहे ती २.७ अंशांची. म्हणजे आज आपल्याला माहीत असलेलं प्रत्येक कृष्णविवर बाहेर टाकतं त्यापेक्षा आत जास्त घेतंय, झिजायला सुरुवातच झालेली नाही. आकाश आणखी प्रसरण पावत पावत कृष्णविवरापेक्षा थंड होईल तेव्हा कुठे उलटी गणती सुरू होणार, आणि त्यालाच काही शे अब्ज वर्षं लागतील.

आमच्याकडे हळदीचा हंगाम असला की शेताच्या कडेला हळद शिजवायची भांडी पेटलेली असतात, लहानपणी आम्ही त्यांच्याभोवतीच असायचो. भांडं खाली उतरवलं की ऊब सोडत सोडत गार होतं. कृष्णविवराचं इथेही उलटं आहे, ऊब सोडली की वजन कमी होतं, वजन कमी झालं की ते आणखी तापतं, तापलं की आणखी भराभर सोडतं. सुरुवात कल्पनेपलीकडे संथ आणि शेवट झपाट्यानं. सूर्याएवढ्या कृष्णविवराला संपायला लागणारी वर्षं लिहायची तर २ वर ६७ शून्यं. वजन दुप्पट तर वेळ आठपट, म्हणून त्या ६२ सूर्यांच्या कृष्णविवराला साधारण ५ वर ७२ शून्यं. सगळ्यात मोठ्या कृष्णविवरांना १ वर शंभर शून्यं. विश्वाचं आजचं वय १३८० कोटी वर्षं, म्हणजे १३८ वर फक्त आठ शून्यं. मी फळ्यावर ही शून्यं काढायला लावते, एक एक मुलगा येऊन काढतो, फळा भरतो.

शेवटच्या एका सेकंदाला उरलेलं वजन असतं साधारण सव्वादोनशे टन, मालाने भरलेले सात-आठ ट्रक धरा, आणि आकार अणूच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी बारीक. ते सगळं त्या एका सेकंदात किरणांत बदलतं, पन्नास लाख मेगाटन बॉम्बएवढी ऊर्जा. संपादक साहेब, 'स्फोट' हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे बसतो, या एका जागी. दोन कृष्णविवरं भेटतात तेव्हा नाही. आणि आत गेलेल्या गोष्टींची माहिती त्या उबेबरोबर बाहेर येते की कायमची पुसली जाते यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. हॉकिंग आधी म्हणायचे पुसली जाते, २००४ मध्ये त्यांनी जाहीरपणे मत बदललं आणि लावलेली पैज हरलो म्हणून मान्य केलं. एवढा मोठा माणूस चूक कबूल करतो हेसुद्धा मुलांना कळायला पाहिजे असं मला वाटतं.

हे सगळं मी पेपरला का लिहितेय, कारण आमच्या तालुक्यात लिगो-इंडिया होतंय. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची अंतिम मंजुरी. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत निर्वात पोकळी, टोकांना आरसे आणि मधून लेझर. बस. ते काही तयार करत नाही, ओढत नाही, सोडत नाही, फक्त ऐकतं. पण स्टँडवर मला एका वयस्कर काकांनी विचारलंय की बाई, तिथं ब्लॅक होल बनवणार हायेत म्हणे, खरंय का? त्यांचा काय दोष? त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही.

आणि नीट सांगणं हे फक्त भीती जावी म्हणून नाही. हे यंत्र चार किलोमीटरमध्ये प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा फरक मोजतं. लिव्हिंग्स्टनला जवळच्या जंगलात झाडं तोडली की किंवा आगगाडी गेली की त्याचा त्रास व्हायचा. हॅनफर्डला तर तहानलेले डोमकावळे द्रव नायट्रोजनच्या नळीवर जमलेला बर्फ चोचीनं टोचायचे आणि ते टकटक मोजमापात उमटायचं, शोध घेतल्यावर बर्फावर चोचीच्या खुणा सापडल्या! म्हणजे शेजाऱ्यांवर किती अवलंबून असतं बघा. इथले शेजारी आम्ही आहोत. आमचे ट्रॅक्टर, आमच्या बोअरच्या गाड्या, खदानीतले सुरुंग. उद्या कुणी येऊन सांगेल की अमुक अंतरात हे करू नका, तर माणसाला आधी कळायला हवं की कशासाठी. कळलं की आमची माणसं ऐकतात.

त्यात अभिमानाचंही आहे की. गोंगाटातून असा बारीक आवाज ओळखून काढायचं जे तंत्र आहे, आधी गणितानं आवाज कसा असेल ते काढायचं आणि मग तो साचा मिळालेल्या नोंदीवर सरकवत जुळवायचा, त्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकापासून पायाभूत काम केलंय. २०१५ ला दोनच वेधशाळा चालू होत्या म्हणून आवाज आला कुठून ते नीट सांगता आलं नाही, आकाशाचा इतका मोठा पट्टा निघाला की त्यात पौर्णिमेचे तीन हजार चंद्र मावले असते. औंढ्याचं यंत्र जगाच्या या बाजूला सुरू झालं की तो पट्टा खूप आवळता येणार आहे.

वर्गात एक गोष्ट सांगितली की पोरं एकदम गप्प होतात, ती इथे लिहिते. २०१५ ला आलेली ती लहर १३० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. आमच्या पायाखालचा हा काळा पाषाण, ज्याच्या दगडांनी नागनाथाचं देऊळ बांधलंय, तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तो लाव्हा वाहत होता तेव्हा त्या लहरीचा प्रवास जवळजवळ उरकत आला होता, विसावा हिस्सा राहिला होता फक्त.

तर विनंती एवढीच. पुढच्या वेळी कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची बातमी येईल, आणि ती येणारच, तेव्हा धडक, स्फोट, गिळंकृत हे शब्द काढून टाका, 'विलीन झाली', 'घुमली' असं लिहा. आगीचं चित्र नको, काळी चौकट छापली तरी चालेल. मुंबई-पुण्याच्या पुरवणीत जे विज्ञानाचं पान येतं ते आमच्या जिल्हा आवृत्तीतही द्या, महिन्यातून एकदा दिलंत तरी पुरे. आणि बातमीदार लिगोवर लिहायला इकडे पाठवलात तर जागेचे फोटो काढून लगेच परत नेऊ नका, कॉलेजला एक चक्कर मारू द्या. ती मुलगी आता शून्यं मोजायची सोडून पुढच्या प्रश्नावर गेलीय, तिला विचारायचंय की दोन कृष्णविवरं एकमेकांना सापडतात तरी कशी एवढ्या मोठ्या आकाशात. त्याचं उत्तर मी शोधून ठेवतेय, सोमवारी तास आहे.

आपली,
एक शिक्षिका आणि रोजची वाचक
औंढा नागनाथ, जि. हिंगोली